अंदाज, अंदाजे, नजरअंदाज: शब्द एक, वापर किती?

दौतटाक (धागालेखक)

वर्षभराच्या पेपरांत हे चार मथळे सहज सापडतात: 'पाण्याचा अंदाज न आल्याने तरुण बुडाला', 'विदर्भात मुसळधार पावसाचा अंदाज', 'पालिकेचे अंदाजपत्रक सादर', 'नजरअंदाज पैसेवारी जाहीर'. आतल्या पानावर पाककृती असते, तिच्यात 'मीठ अंदाजाने'. पाचही ठिकाणी शब्द तोच, पण कामं पाच वेगळी.

आधी व्युत्पत्ती थोडक्यात, म्हणजे पुढे कोणी त्यात अडकायला नको. फारसीत 'अंदाख्तन' म्हणजे फेकणे, टाकणे. त्यातला 'अंदाज' शेपटासारखा जोडला की फेकणारा: तीर फेकणारा तो तीरंदाज, तोफेचा गोळा टाकणारा तो गोलंदाज, बंदूकवाला तो बरकंदाज. तोफखान्यातला गोलंदाज पुढे क्रिकेटच्या मैदानावर चेंडू टाकू लागला आणि त्याच्या धर्तीवर फळीवाला 'फलंदाज' तयार झाला. फलंदाज काहीही फेकत नाही, तरी शब्द बेमालूम बसला. सुट्या 'अंदाज'चा मराठीत रुळलेला अर्थ मात्र मोजमाप न करता केलेलं मोजमाप.

आता क्रियापदं. माझ्या मते खरी गंमत तिथे आहे.

अंदाज घेणे: काही करण्याआधी मुद्दाम केलेली चाचपणी. 'पाण्याचा अंदाज घेऊन उतरा', 'समोरच्याचा अंदाज घेऊन विषय काढ.' यात हेतू आहे.
अंदाज येणे किंवा लागणे: आपोआप कळणे. 'आवाजावरूनच अंदाज आला.'
अंदाज बांधणे: हातात चार खुणा आहेत, त्यांवरून निष्कर्ष रचणे. बांधकामच ते, पायाशिवाय होत नाही.
अंदाज वर्तवणे: पुढे होणाऱ्या गोष्टीबद्दल आणि जाहीरपणे. घरात कोणी अंदाज वर्तवत नाही, खातं किंवा तज्ज्ञ वर्तवतात. म्हणून 'चोरी 2 लाखांची असावी, असा अंदाज पोलिसांनी वर्तवला' हे कानाला खटकतं. चोरी होऊन गेलेली आहे, तिथे 'अंदाज व्यक्त केला' किंवा सरळ 'अंदाज आहे' हवं.
अंदाज काढणे: आकडेमोड करून. खर्चाचा, मालाचा.

'अंदाज लावणे' हिंदीतून आलं आहे असं माझं मत. मारामारी करणार नाही, पण 'बांधणे' असताना 'लावणे' कशाला?

तिरपी रेघ

छान मांडणी. मुद्रितशोधनात रोज भेटणारी भुतं इथे टाकते.

पहिलं, 'अंदाजे सुमारे 200 जण'. दोन्हींचं काम एकच, एक उडवा. दुसरं, 'अंदाजे 347 नागरिक'. 347 म्हणजे मोजलेले. मोजले असतील तर 'अंदाजे' नको, मोजले नसतील तर 347 नको, साडेतीनशे म्हणा. मराठीत अंदाज सांगायला गोल आकड्यांची फार चांगली सोय आहे: दहाबारा, पंधरावीस, चाळीसेक, शंभरेक, शेदीडशे, अडीचतीन हजार. 'चाळीसेक' म्हटलं की 'अंदाजे' आतच आलं. 'अंदाजे चाळीसेक' लिहिणाऱ्याला चहा बंद.

'अंदाजे', 'सुमारे', 'साधारण', 'जवळपास' यांतही फरक आहे. 'जवळपास 500' म्हणजे 500 च्या खालीच, पण थोडक्यात चुकलेले. 510 ला जवळपास 500 कोणी म्हणत नाही. 'सुमारे' दोन्ही बाजूंना चालतं. 'साधारण' बोलण्यातलं आणि वेळेला जास्त: 'साधारण सातला ये.' 'अंदाजे' कागदावरचं: अंदाजे खर्च, अंदाजे वजन, अंदाजे वय.

'अंदाजित' आणि 'अपेक्षित'ही अदलाबदल करून वापरतात. अंदाजित खर्च म्हणजे हिशेबाने निघालेला. अपेक्षित खर्च म्हणजे इतकाच व्हावा असं वाटणारा. घर बांधणाऱ्याला दोन्ही माहीत असतात.

गल्लीतला हिशेबनीस

'अंदाजपंचे दाहोदरसे' राहिलं की!

दौतटाक

राहिलं नव्हतं, कोणीतरी काढणार याचा अंदाज होता. :-)
जुन्या पाढ्यांत 110 ला 'दाहोदरसे' म्हणत, 'अकरा दाहे दाहोदरसे'. 'पंचे' हेही पाढ्यातलंच, पाच पंचे पंचवीसमधलं. म्हणजे पाढ्याच्या चालीत म्हटलेलं, पण हिशेब काहीच नसलेलं वाक्य: अंदाज गुणिले पाच बरोबर एकशेदहा. थट्टा अंदाजाची नाही, अंदाजाला पाढ्याचा थाट देणाऱ्याची आहे. वर तिरपी रेघ यांचे '347 नागरिक' नेमके तेच.

ओळंबा

बांधकामात 'अंदाज' आणि 'अंदाजपत्रक' रोजचं. लोक समजतात की अंदाज म्हणजे कच्चं काम. उलट आहे. अंदाज म्हणजे मापं घेऊन, दर लावून, आधी काढलेला हिशेब. सरकारी कामात प्रत्येक बाबीचं परिमाण काढून त्याला दरसूचीतला दर लावतात, बेरीज होते ते अंदाजपत्रक. त्यावर तांत्रिक मान्यता मिळते.

साधं उदाहरण घ्या. 500 चौरस फूट स्लॅब, जाडी 5 इंच, तुळया सोडून. घनफळ 500 × 5 ÷ 12 = 208 घनफूट, म्हणजे 5.9 घनमीटर. एम 20 काँक्रीट (ताकदीची एक प्रत), सिमेंट, वाळू, खडी यांचं प्रमाण 1 : 1.5 : 3. ओलं काँक्रीट कोरड्या मालापेक्षा कमी जागा घेतं, म्हणून कोरडा माल 1.54 पट धरायचा. एका घनमीटरला 8 गोणी सिमेंट (50 किलोची), 15 घनफूट वाळू आणि 30 घनफूट खडी बसते. तर 5.9 ला 48 गोणी, वाळू पाऊण ब्रासच्या वर (0.9 धरा), खडी पावणेदोन ब्रास. ब्रास म्हणजे 100 घनफूट. सांडलवंड 5 टक्के धरून 50 गोणी मागवायच्या. लोखंड घनमीटरला 80 किलोच्या आसपास धरतात, पण तो निव्वळ ठोकताळा. खरा आकडा डिझाइनवरून, सळ्यांची मापं आणि संख्या यांचा तक्ता करूनच.

चुकतं कुठे? वाळूत. ओलसर वाळू फुगते. 5 टक्क्यांच्या आसपास ओल असली की आकारमान 20 ते 30 टक्के वाढतं, कारण कणांभोवती पाण्याचा पापुद्रा बसून ते एकमेकांपासून लांब राहतात. ब्रासने मोजून घेतलेली ओली वाळू म्हणजे पैसे देऊन घेतलेली हवा. घमेल्याने मोजून टाकली तर काँक्रीटमध्ये वाळू कमी पडते आणि पृष्ठभाग खडबडीत, मधाच्या पोळ्यासारखा येतो. तपासायला सोपं आहे: सरळ भिंतीच्या भांड्यात 200 मिलिमीटर उंचीपर्यंत ओली वाळू दाबता भरायची, मग पाणी ओतून पूर्ण बुडवून ढवळायची. बसल्यावर 160 भरली तर फुगवटा (200 − 160) ÷ 160, म्हणजे 25 टक्के.

तिरपी रेघ

'दाबता भरायची' की 'न दाबता'?

ओळंबा

न दाबता. 'न' सुटला. याला म्हणतात शोधन.

शिवारफेरी

नजरअंदाजवर लिहितो, कारण या शब्दाचे हल्ली दोन जन्म झालेत.

महसूल खात्यात 'नजरअंदाज' म्हणजे उभं पीक डोळ्यांनी पाहून बांधलेला अंदाज. पैसेवारी म्हणजे ठरलेलं प्रमाण उत्पन्न रुपया धरलं, तर यंदाचं पीक किती पैसे. खरिपाची नजरअंदाज पैसेवारी सप्टेंबरअखेर, मग सुधारित पैसेवारी ऑक्टोबरअखेर, आणि अंतिम पैसेवारी विभागानुसार डिसेंबरच्या मध्यात किंवा शेवटी. नावं नीट पाहा: नजरअंदाज, सुधारित, अंतिम. पहिल्या पायरीला पीक शेतात उभं असतं, शेंगा भरायच्या असतात, म्हणून तिथे नजरच चालते. पुढच्या पायऱ्यांना पीक कापणी प्रयोगाचे, म्हणजे शेताच्या मोजलेल्या तुकड्यातलं पीक कापून केलेल्या वजनाचे, आकडे हाताशी येतात. पूर्वी रुपयाचे 16 आणे होते म्हणून हीच 'आणेवारी' होती. जुनी माणसं अजून तोच शब्द वापरतात. 50 पैशांच्या आत की वर, यावर गावाच्या सवलतींची चर्चा वर्षानुवर्षं फिरली. 2016 च्या केंद्राच्या दुष्काळ संहितेनंतर पाऊस, जमिनीतली ओल, पिकांची स्थिती असे निकष पुढे आले, तरी पैसेवारी जाहीर होतेच.

कापणी प्रयोगाचा हिशेब समजून घेण्यासारखा आहे. प्लॉट 10 मीटर × 10 मीटर, म्हणजे 1 आर. हेक्टरमध्ये 100 आर. म्हणून प्लॉटमध्ये जितके किलो, तितके क्विंटल हेक्टरी. 12 किलो सोयाबीन निघालं तर हेक्टरी 12 क्विंटल, गुणाकार डोक्यात करायलाच नको. समजा प्रमाण उत्पन्न 20 क्विंटल धरलेलं आहे, तर 12 ÷ 20, म्हणजे 60 पैसे.

चुका इथे होतात. प्लॉट बांधाला लागून घेतला तर कडेच्या झाडांना ऊन-वारा जास्त मिळतो आणि आकडा फुगतो. चांगलं दिसतंय तिथे दोरी टाकली तरी तेच. प्लॉटची जागा आधी ठरलेल्या आकड्यांनी निघायला हवी, नजरेने नव्हे. ओल्या दाण्याचं वजन तसंच धरलं तरी उत्पन्न जास्त दिसतं. वाळवून घट काढावी लागते. आणि बाजू 10 मीटरपेक्षा जास्त धरली गेली की कडेचं थोडं थोडं पीक आत येतं. बाजू 30 सेंटिमीटरने वाढली तर क्षेत्र 6 टक्क्यांनी वाढतं. पैसेवारी 49 की 52 हा वाद असेल तिथे 6 टक्के फार झाले.

आता दुसरा जन्म. हिंदीत 'नज़रअंदाज़ करना' म्हणजे दुर्लक्ष करणे, नजरेबाहेर टाकणे. तिथे 'अंदाज'चा मूळचा फेकण्याचा अर्थ टिकलाय. मराठी बातम्यांत तो तसाच येतो: 'मागण्या नजरअंदाज केल्या'. तलाठी कार्यालयात हाच शब्द बरोबर उलटा: नीट पाहून.

गल्लीतला हिशेबनीस

म्हणजे 'प्रशासनाने पिकांचे नुकसान नजरअंदाज केले' या वाक्यात पाहिलं की टाळलं?

शिवारफेरी

तेच. दोन्ही अर्थ निघतात आणि दोन्ही बाजूंचे लोक खूश. टाळलं असेल तर 'दुर्लक्ष केले', 'काणाडोळा केला' लिहा. पाहिलं असेल तर 'नजरअंदाज पाहणी केली' लिहा. काणाडोळा किती नेमका शब्द आहे: दिसलं होतं, पण पाहिलं नाही.

दौतटाक

हे पटलं. 'काय अंदाज आहे त्याच्या गाण्याचा!' यातला ढब किंवा शैली हा अर्थही हिंदी-उर्दूतून गझलेच्या वाटेने आलेला. तो मात्र रुळला, आता परत पाठवता येणार नाही.

उलथनं

'मीठ अंदाजाने' या ओळीवर नवशिके वैतागतात आणि त्यांचं बरोबर आहे. पण अंदाज म्हणजे माप नसणं नव्हे, माप हातात असणं. चिमूट, मूठ, पसा, ओंजळ ही मापंच आहेत. पसा म्हणजे एका हाताचा खळगा, ओंजळ दोन हातांची. कुकरशिवाय भाताला तांदळावर बोटाचं एक पेर पाणी, हेही माप. भांडं बदललं की ते बिघडतं, पसरट पातेल्यात तेच पेर जास्त पाणी देतं.

खरी फजिती होते ती चौघांच्या अंदाजाला पंचवीसने गुणून शंभर पानांचा स्वयंपाक करताना. तांदूळ गुणून चालतो. पोळी, भाजी, गोड असं सगळं असेल तर 100 माणसांना 8 किलो पुरतो, नुसता मसालेभात असेल तर 10 च्या पुढे जावं लागतं. पाणी मात्र त्याच पटीत वाढवायचं नाही. उघड्या पातेल्यात वाटीभर तांदळाला अडीच वाट्या पाणी लागतं, कारण त्यातलं बरंच वाफ होऊन जातं. वाफ पृष्ठभागावरून जाते आणि मोठ्या पातेल्यात तांदळाच्या मानाने पृष्ठभाग कमी. म्हणून 8 किलोला अडीचपट ओतलं की तळाला खीर होते. दुपटीच्या आत ठेवा, उकळतं पाणी बाजूला तयार ठेवा आणि लागेल तसं वरून घाला.

तिखट-मिठाचं तसंच. हिशेबाने येईल त्याच्या पाऊण भाग आधी, उरलेलं चव पाहून. लवंग, दालचिनी तर निम्म्यावरच थांबवा, मोठ्या भांड्यात जास्त वेळ शिजतात आणि अर्क उतरत राहतो. आमटी आटणार असेल तर मीठ शेवटी, कारण पाणी जातं, मीठ जात नाही.

आचाऱ्यांच्या तोंडी 'अंदाज' नसतो, 'अदमास' असतो. 'अदमासाने घे.'

दौतटाक

'अदमास' गोव्याकडेही नेहमीचा. 'अजमास' हे त्याचंच भावंड, जुन्या कागदपत्रांत भेटतं. 'कयास' हा जरा दुरून बांधलेला, माणसांच्या हेतूंबद्दल जास्त. 'अटकळ' त्याहून हलकी, पुरावा नसलेली. 'होरा' ज्योतिषातून आला, आता निवडणुकीत राहतो.

'अनुमान' मात्र या रांगेत बसवू नका. न्यायशास्त्रात अनुमान हे प्रमाण आहे: धूर दिसला, जिथे धूर तिथे अग्नी हे आधीपासून माहीत, म्हणून डोंगरावर अग्नी. उत्तर 'आहे' किंवा 'नाही'. आग किती मोठी, हे विचारलं की तुम्ही अंदाजात शिरलात.

गल्लीतला हिशेबनीस

अंदाजपत्रकाचे रकाने वाचताना होणारा गोंधळ सांगतो. अर्थसंकल्पात प्रत्येक बाबीपुढे चार आकडे असतात. 2025-26 चा घ्या: 2023-24 च्या प्रत्यक्ष रकमा, 2024-25 चा अर्थसंकल्पीय अंदाज, 2024-25 चा सुधारित अंदाज, आणि 2025-26 चा अर्थसंकल्पीय अंदाज. 'सुधारित' म्हणजे खरा झालेला असा समज असतो. तो खरा नाही. अर्थसंकल्प मांडतात तेव्हा वर्ष संपलेलं नसतं, त्यामुळे सुधारित आकड्यातही उरलेल्या महिन्यांचा अंदाज मिसळलेला असतो. प्रत्यक्ष रक्कम कळायला पुढच्या वर्षीचं पुस्तक उघडावं लागतं.

त्यामुळे 'तरतूद 20 टक्क्यांनी वाढली' असं वाचलं की आधी विचारा, कशाच्या मानाने? गेल्या वर्षीच्या मूळ अंदाजाच्या की सुधारिताच्या? मूळ तरतूद 100, सुधारित 70, नवी 90 असेल तर एक जण 10 टक्के घट लिहील, दुसरा जवळपास 29 टक्के वाढ. दोघांचंही गणित बरोबर.

लोकसभेत 'अंदाज समिती' आहे, 30 सदस्यांची, सगळे लोकसभेचेच. आपल्या विधिमंडळातही याच नावाची समिती आहे. नाव ऐकून हसू येतं, काम मात्र कडक: अंदाज कशावर बांधले होते आणि काटकसर कुठे करता आली असती, हे तपासणं.

रोहिणी मृग

हवामानाच्या अंदाजाला शिव्या घालण्याआधी त्यातले शब्द वाचावेत. ते मोघम वाटतात, पण प्रत्येकामागे आकडा आहे.

आधी पसारा. 'तुरळक ठिकाणी' म्हणजे त्या भागातल्या पाऊस मोजणाऱ्या 25 टक्क्यांपर्यंत केंद्रांवर, 'काही ठिकाणी' 26 ते 50, 'बऱ्याच ठिकाणी' 51 ते 75, आणि 'बहुतांश ठिकाणी' 76 च्या पुढे. मग जोर. 24 तासांत 64.5 ते 115.5 मिलिमीटर पडला तर मुसळधार, 115.6 ते 204.4 अतिमुसळधार, त्यापुढे अत्यंत मुसळधार. 64.4 पर्यंत मध्यमच. शहरात गुडघाभर पाणी साचायला 40 मिलिमीटर तासाभरात पुरतात, पण व्याख्येत तो मध्यम पाऊस. तिथे दोष गटारांकडे जातो, अंदाजाकडे नाही.

आता 'तुरळक ठिकाणी मुसळधार' पुन्हा वाचा. जिल्ह्यात चारांतल्या तीन ठिकाणी मुसळधार पडणार नाही, असंच ते वाक्य सांगतंय. तुमच्या गावात ऊन पडलं म्हणजे अंदाज चुकला असं होत नाही.

'अंदाज' आणि 'इशारा' यांतही गल्लत होते. पिवळा रंग म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे आता कृती करा. रंग निव्वळ पावसाच्या मिलिमीटरचा नसतो, त्याने काय नुकसान होऊ शकतं याचाही असतो. हंगामाच्या 'सरासरीच्या 96 ते 104 टक्के' या अंदाजात तुमच्या तालुक्याबद्दल एक अक्षर नसतं. तो देशभराचा, जून ते सप्टेंबर मिळून 87 सेंटिमीटरच्या सरासरीवर काढलेला. त्यावर पेरणीची तारीख ठरवू नये.

शिवारफेरी

+1. पेरणीला जमिनीतली ओल पाहावी. 75 ते 100 मिलिमीटर झाल्याशिवाय चाड्यावर मूठ नको, हे कृषी खातं दर जूनमध्ये सांगतं.

ओळंबा

धाग्याची सुरुवात पाण्याच्या अंदाजाने झाली आणि त्यावरच कोणी लिहिलं नाही. तो का 'येत नाही', याला भौतिकशास्त्र आहे. पाण्यातून बाहेर येताना प्रकाश वाकतो, म्हणून सरळ वरून पाहिलं तरी तळ खऱ्या खोलीच्या पाऊणपटीवर दिसतो. 8 फूट पाणी 6 फूट भासतं. काठावर उभं राहून तिरकं पाहिलं की त्याहूनही उथळ. पाणी जितकं नितळ, तितकी फसगत मोठी, कारण तळ स्पष्ट दिसत असतो. शेततळ्यात अजून एक अडचण: प्लास्टिकच्या कागदावर शेवाळ धरतं, उतार गुळगुळीत, वर यायला पाय टेकत नाही. अंदाज काठीने घ्यावा, डोळ्यांनी नाही, आणि शेततळ्याला दोर कायम बांधलेला असावा.

तिरपी रेघ

म्हणजे त्या बातमीतलं 'अंदाज न आल्याने' हे क्रियापद बरोबर आहे. घेतला असता तर आला असता.

रोहिणी मृग, एक शंका. पेपरात शुक्रवारची नोंद म्हणून 90 मिलिमीटर छापून येतो आणि शुक्रवारी तर कोरडं होतं, असं नेहमी दिसतं. छापताना चूक होते का?

रोहिणी मृग

चूक नाही. पावसाचा दिवस सकाळी साडेआठला सुरू होऊन दुसऱ्या दिवशी साडेआठला संपतो, आणि नोंद संपण्याच्या तारखेवर पडते. गुरुवारी दुपारी कोसळलेला पाऊस शुक्रवार सकाळच्या आकड्यात मोजला जातो. गुरुवारचा अंदाज बरोबर होता का हे पडताळायचं असेल, तर शुक्रवारची नोंद काढा.